दुभंगलेल्या टाळूच्या मुलाचे लक्ष लागत नाही की त्याला वाचता येत नाही? तपासणीचा क्रम

जन्मतः दुभंगलेल्या टाळूची, म्हणजे तोंडाच्या आतील छताची, शस्त्रक्रिया झालेला दुसरी-तिसरीतला मुलगा फळ्याऐवजी खिडकीबाहेर पाहतो, दोनदा सांगितलेले काम अर्धवट सोडतो आणि वाचायला उभे केले की पाणी पिण्याची परवानगी मागतो. गुरुजी पालकांना सांगतात की याचे ध्यान लागत नाही. पालक तेच वाक्य घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे जातात, तिथून ते जिल्ह्याला पोहोचते, आणि शेवटी कागदावर ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान-कमतरता व अतिचंचलता, असे लिहिले जाते. मधल्या काळात त्याचे कान तपासलेले नसतात आणि त्याला अक्षरे ओळखता येतात की नाही हेही कोणी पाहिलेले नसते.

या मुलांमध्ये लक्ष न लागण्याचे चित्र किमान चार वेगळ्या कारणांनी उभे राहते: कमी ऐकू येणे, बोलण्याची लाज किंवा अडचण, मोडलेली झोप आणि वाचन-लेखनाची अक्षमता (अध्ययन अक्षमता). खरी एडीएचडी हे पाचवे कारण. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे लिन रिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला होता: दुभंग असलेल्या ज्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का बसला होता, त्यांच्यापैकी अनेकांची मूळ अडचण अध्ययन अक्षमतेची होती. आपल्याकडे श्रवणतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघेही गावापासून दूर असल्याने हा घोटाळा होण्यास अधिकच वाव राहतो.

पुढील क्रम शिक्षक, पालक, आशा कार्यकर्त्या आणि समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांच्यासाठी आहे. यातून निदान होत नाही. निदान तज्ज्ञच करतील. मात्र तज्ज्ञांच्या पंधरा-वीस मिनिटांच्या भेटीत जे कधीच दिसू शकत नाही, ते लिहून नेण्याची सोय यातून होते. टप्पे सांगितलेल्या क्रमानेच घ्यावेत. लक्षाची तपासणी मुद्दाम शेवटी ठेवलेली आहे.

१. पूर्वतयारी: वही, कागदपत्रे आणि योग्य वेळ

शंभर पानी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर शस्त्रक्रियांचा तपशील लिहावा: ओठाची केव्हा झाली, टाळूची केव्हा झाली, टाळूला छिद्र उरले आहे काय, कानात नळी बसवली होती काय. टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. ग्रामीण भागात ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कधी त्याहूनही उशिरा झालेली आढळते. ती जितकी उशिरा झाली, तितकी बोलण्यातील चुकीची सवय पक्की झालेली असते, म्हणून वर्षच नव्हे तर महिनाही लिहावा.

दुसऱ्या पानावर शाळेच्या हजेरीपटातून मागील दोन वर्षांची महिनावार उपस्थिती उतरवून घ्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची धाकटी भावंडे सांभाळणारे, आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाणारे, किंवा मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात असणारे मूल वाचनात मागे असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही. पुरेसे शिकवूनही न येणे, ही त्या निदानाची पहिलीच अट आहे. शस्त्रक्रियांसाठी बुडालेले दिवसही याच पानावर वेगळे दाखवावेत.

तिसऱ्या पानावर घरची भाषा लिहावी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलणाऱ्या घरातील मुलासाठी शाळेची मराठी ही दुसरी भाषा असते. त्याला सूचना कळल्या नाहीत तर ते लक्ष नसल्यासारखेच दिसते.

वेळेबाबत दोन पथ्ये पाळावीत. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेनंतरचा महिना निरीक्षणासाठी वापरू नये. तसेच सगळ्या चाचण्या एकाच दिवशी उरकू नयेत. रोज वीस मिनिटे, सकाळच्या वेळी, असे दोन आठवडे पुरतात.

सावधान: माहिती घेताना आईला गरोदरपणाबद्दल सासूसमोर विचारू नये. ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा ठपका तिने वर्षानुवर्षे ऐकलेला असतो आणि त्या भीतीने ती लहानपणीचे कान वाहणे, झटके किंवा दूध नाकातून येणे यांसारख्या गोष्टीही दडवते. या ठपक्यात काही तथ्य नाही, हे तिला आधी स्पष्ट सांगावे.

२. कान आधी, डोळे लगेच नंतर

टाळू दुभंगलेली असते तेव्हा मधल्या कानाला घशाशी जोडणारी नळी उघडणारा स्नायू नीट काम करत नाही. त्यामुळे पडद्यामागे पातळ किंवा चिकट द्रव साचतो. टाळू दुभंगलेल्या बहुतेक सर्व तान्ह्या मुलांमध्ये हे घडते, आणि शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळांमध्ये ते शाळेच्या वयापर्यंत येत-जात राहते. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. यात साधारण २० ते ४० डेसिबलची घट होते. असे मूल समोर बसून बोललेले ऐकते, नावाने हाक मारली तर वळूनही पाहते, परंतु फळ्याकडे तोंड करून सांगितलेले, मागच्या रांगेतून ऐकलेले, किंवा पत्र्यावर पाऊस वाजत असताना वाचलेले त्याच्यापर्यंत तुटक पोहोचते. स, श, फ, थ यांसारखे हलके वर्ण आधी गळतात.

शाळेत करण्याजोगी कुजबूज चाचणी अशी आहे. शांत खोलीत मुलाच्या मागे हातभर, म्हणजे सुमारे ६० सेंटीमीटर अंतरावर उभे राहावे. ज्या कानाची चाचणी नाही, त्या कानाच्या छिद्रासमोरचा उंचवटा बोटाने अलगद दाबून चोळत राहावे. पूर्ण श्वास सोडून मग कुजबुजत तीन आकडे सांगावेत, उदाहरणार्थ ‘सात, दोन, सहा’. तिन्ही बरोबर आले नाहीत तर आणखी तीन वेगळे आकडे सांगावेत. सहापैकी निदान तीन बरोबर यावेत. मग दुसरा कान तपासावा.

सर्वाधिक चूक होते ती मुलाला आकडे बोलून दाखवायला सांगण्यात. त्याचे बोलणे अस्पष्ट असल्याने त्याने ‘सात’ म्हटले की आणखी काही, हेच कळत नाही. म्हणून एक ते दहा यांमधीलच आकडे घ्यावेत आणि मुलाने बोटे दाखवून उत्तर द्यावे.

पडताळा: चाचणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात, सर्दीच्या दिवसांत, पुन्हा एकदा करावी. मे महिन्यात चांगले ऐकणारे मूल ऑगस्टमध्ये ऐकेलच असे नाही. वर्गातील लक्षही याच चढ-उताराबरोबर कमी-जास्त होत असेल, तर कारण कानात असण्याची शक्यता वाढते.

कुजबूज चाचणीत मूल उत्तीर्ण झाले तरी टाळू दुभंगलेल्या प्रत्येक मुलाची ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्री एकदा तरी करून घ्यावीच. पहिली ऐकण्याची पातळी मोजते, तर दुसरी पडद्यामागे द्रव आहे की नाही हे सांगते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. श्रवणदोषाच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट लागते, म्हणून ‘प्रमाणपत्र मिळाले नाही, म्हणजे कान ठीक आहेत’ असे पालक समजतात. ३५ डेसिबलची घट प्रमाणपत्राला पुरत नाही, पण पहिलीतले श्रुतलेखन बिघडवायला पुरेशी असते.

सावधान: कानात कोमट तेल, लसणाचे तेल किंवा झाडपाल्याचा रस घालू नये. पडद्याला छिद्र असेल किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवलेले असेल तर ते थेट मधल्या कानात उतरते. ग्रोमेट असताना नदी-तलावात डुंबण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

डोळ्यांसाठी सहा मीटरवरचा तक्ता पुरेसा आहे. लहान हनुवटी, टाळूचा दुभंग आणि जाड भिंगाचा चष्मा हे तिन्ही एकत्र दिसले, तर नेत्रतज्ज्ञांकडे पाठवताना टाळूचा उल्लेख चिठ्ठीत अवश्य करावा.

३. बोलण्याची चूक आणि वाचण्याची चूक वेगळी करणे

या टप्प्यावर अनुभवी शिक्षकही चुकतात, आणि मीही चुकलो आहे. चौथीतील एका मुलीला मी वीस शब्द मोठ्याने वाचायला दिले आणि निम्म्याहून अधिक शब्दांवर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तेच शब्द तिला चित्रांशी जोडायला दिले, तेव्हा तिने दोन सोडून सगळे बरोबर जोडले. तिला वाचता येत होते. मी तिच्या टाळूला गुण देत होतो.

टाळूचा मागचा भाग घसा आणि नाक यांमधील वाट नीट बंद करत नसेल, तर तोंडात दाब निर्माण होत नाही आणि हवा नाकातून निसटते. म, न, ण हे वर्ण मुळात नाकातलेच असल्याने ते शाबूत राहतात. प, ब, त, द, क, ग, च, स यांसारखे दाबाचे वर्ण मात्र बिघडतात. मग ‘बाबा’चे ‘मामा’ होते आणि ‘दादा’चे ‘नाना’ होते. काही मुले ‘काका’मधील क घशातच आवळून काढतात आणि ऐकणाऱ्याला फक्त ‘आ-आ’ ऐकू येते.

आधी नाकातून हवा जाते का ते पाहावे. छोटा आरसा नाकपुड्यांखाली धरून मुलाला ‘पा-पा-पा’, ‘काका’, ‘बाबा’ असे म्हणायला सांगावे. म, न, ण असलेले शब्द देऊ नयेत, कारण त्यांत प्रत्येकाच्या नाकातून हवा येतेच. आरशावर वाफ धरली तर हवा निसटते आहे असे समजून स्पीच थेरपिस्टकडे पाठवायची नोंद करावी.

त्यानंतर वाचन तीन प्रकारे तपासावे. पहिल्यात मूल मोठ्याने वाचते. दुसऱ्यात बैलाचे चित्र दाखवून ‘बैल, मैल, वेल’ या तीन शब्दपट्ट्यांतून योग्य पट्टी उचलायला सांगावी. यात त्याला बोलावेही लागत नाही आणि ऐकावेही लागत नाही. तिसऱ्यात लेखी सूचना द्यावी, जसे ‘खडू उचलून खिडकीत ठेव’, आणि ती मनात वाचून करून दाखवायला सांगावी. पहिल्यात चुका आणि पुढील दोन्हींत यश, असा निकाल आला तर अडचण उच्चाराची आहे. तिन्हींत चुका झाल्या तर वाचनाची शंका वाजवी ठरते.

बोलीचा गोंधळ येथेच निस्तरावा. वऱ्हाडी घरातील मूल ‘डोळे’ऐवजी ‘डोये’ लिहील, तर भंडारा-गोंदियाकडे झाडीबोलीत वाढलेले मूल ‘डोरे’ आणि ‘पानी’ लिहील. ही चूक टाळूची नाही आणि अध्ययन अक्षमतेचीही नाही. उलट जसे कानावर पडते तसे अक्षरात उतरवता येते, हे त्या मुलाचे बळ आहे.

सावधान: गेंगाणे बोलतो म्हणून चिडवले जाणारे मूल वर्गासमोर वाचणे टाळणारच. तपासणी एकांतात करावी आणि त्या काळात त्याला वर्गात उभे करून वाचायला लावू नये.

४. झोप, रक्त आणि शरीरातील इतर कारणे

रात्री घोरतो काय, मध्येच श्वास अडकून दचकतो काय, तोंड उघडे ठेवून झोपतो काय, अंथरूण ओले करतो काय आणि सकाळी उठवताना त्रास देतो काय, हे प्रश्न आईला विचारावेत. मूल आजीजवळ झोपत असेल तर आजीला विचारावेत. लहान जबडा असलेल्या मुलांत, तसेच बोलणे सुधारण्यासाठी घशाच्या मागील भागावर शस्त्रक्रिया झालेल्यांत, झोपेत श्वास अडखळण्याचा धोका असतो. अशी झोप झालेले मूल दिवसा पेंगण्याऐवजी अनेकदा चिडचिडे आणि चंचल होते. मोबाइलवर घोरण्याचे दोन मिनिटांचे चित्रीकरण डॉक्टरांना लांबलचक वर्णनापेक्षा अधिक सांगते.

हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पूर्व विदर्भात आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्यावी. ‘एसएस’ प्रकार, म्हणजे नुसता वाहक नसून प्रत्यक्ष आजार, असलेल्या मुलाचे लक्ष आणि स्मरण रक्ताच्या कमतरतेने मंदावू शकते, आणि मेंदूच्या रक्तप्रवाहावर नकळत परिणाम झाल्यानेही. त्याला चंचलतेची गोळी देऊन उपयोग नाही.

ओठ शाबूत असून फक्त टाळू दुभंगलेली असेल, तर त्यासोबत एखादा जनुकीय आजार असण्याचा संभव ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेल्या मुलांपेक्षा जास्त असतो. त्यांतील एक म्हणजे २२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असणे, ज्याला २२क्यू११ डिलिशन म्हणतात. टाळूचा दोष, जन्मजात हृदयदोष, कॅल्शियम कमी होऊन आलेले झटके, वारंवार होणारे संसर्ग आणि गणितात विशेष अडचण यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आढळल्या, तर हे नाव बालरोगतज्ज्ञांसमोर काढावे. या मुलांत अध्ययनाच्या अडचणी आणि अवधानाचा दोष दोन्ही खरोखरच असू शकतात.

५. वाचन-लेखनाची तपासणी

कान आणि उच्चार यांचा हिशेब वहीत उतरला की मगच हा टप्पा घ्यावा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या शिक्षकांच्या परिचयाच्या आहेत, पण प्रत्येक पायरीवर वरील तीन प्रकारांपैकी किमान दोन वापरावेत.

सर्वांत अधिक उलगडा ऐकण्याच्या आणि वाचण्याच्या आकलनाची तुलना केल्याने होतो. एकाच पातळीच्या, साठ-सत्तर शब्दांच्या दोन गोष्टी निवडाव्यात. पहिली शांत खोलीत, समोरासमोर बसून, मुलाला आपले तोंड दिसेल अशा रीतीने सांगावी. दुसरी त्याने मनात वाचावी. दोन्हींवर चार-चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे चित्रे क्रमाने लावून किंवा बोट ठेवून घ्यावीत. ऐकलेली गोष्ट कळते आणि वाचलेली कळत नाही, असे आढळल्यास वाचनाची विशिष्ट अडचण असण्याची शंका बळावते. दोन्ही कळत नसतील तर ऐकणे, भाषा किंवा एकूण बौद्धिक विकास यांकडे वळावे. दोन्ही कळतात, पण चौथ्या प्रश्नापर्यंत मूल उठून गेलेले असते, असे घडल्यास लक्षाचा विचार करण्यास जागा आहे.

लेखनाचेही तीन प्रकार करावेत: पाहून लिहिणे, श्रुतलेखन आणि चित्रावरून स्वतःची दोन वाक्ये लिहिणे. श्रुतलेखनाचे वीस शब्द दोन वेळा घ्यावेत, एकदा वर्गाच्या नेहमीच्या अंतरावरून आणि आठवडाभराने समोर बसून. जवळून घेतल्यावर चुका ठळकपणे घटल्या तर दोष कानाचा. दोन्ही वेळा मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे त्याच प्रकारे चुकली तर दोष लेखनकौशल्याचा. चुका पहिल्या दहा शब्दांत किती आणि शेवटच्या दहांत किती हेही मोजावे: पहिल्या शब्दापासून सारख्या विखुरलेल्या चुका कौशल्याची उणीव सांगतात, तर सुरुवात स्वच्छ आणि शेवट विस्कटलेला असेल तर थकवा किंवा लक्ष यांची शंका घ्यावी.

दुभंग असलेल्या मुलांच्या वाचनदोषाचे एक वैशिष्ट्य शिक्षकांनी ठाऊक ठेवावे. अक्षराचा ध्वनी ओळखण्यापेक्षा ओळखीच्या गोष्टीचे नाव पटकन न आठवणे, ही अडचण यांच्यापैकी काहींत जास्त दिसते. ती अशी तपासावी. गाय, घर, पाणी, फूल, बस अशी पाच ओळखीची चित्रे उलटसुलट क्रमाने चार ओळींत काढून मुलाला भराभर नावे सांगायला लावावीत आणि वेळ मोजावा. त्याआधी त्याच मुलाला एक ते वीस आकडे सलग म्हणायला सांगून तोही वेळ मोजावा. आकडे झरझर म्हटले, पण चित्रांवर तो प्रत्येक वेळी थबकला, तर ओठ-जीभ संथ नसून शब्द आठवण्यातच विलंब आहे. असे मूल प्रश्न विचारल्यावर गप्प बसते, नजर फिरवते, आणि शिक्षकांना वाटते की त्याने प्रश्न ऐकलाच नाही.

गणितासाठी किराणा दुकानाचा हिशेब आणि वहीतील तोच हिशेब यांची तुलना पुरते.

पडताळा: आठ वर्षांखालील मुलावर ‘अध्ययन अक्षमता’ असे लिहू नये. मदत मात्र लगेच सुरू करावी आणि रोज अर्धा तास, निदान सहा महिने, नेमका सराव देऊन काय फरक पडतो ते वहीत नोंदवावे. मदत देऊनही सहा महिने टिकून राहिलेली अडचण, हा निदानाचाच भाग आहे.

६. आता लक्ष

एडीएचडीच्या प्रचलित निकषांत लक्ष न लागण्याची नऊ लक्षणे दिलेली असतात आणि मुलांमध्ये त्यांपैकी किमान सहा, सहा महिने, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. शिवाय त्यांपैकी काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. चंचलता आणि उतावळेपणा यांची नऊ लक्षणे वेगळी असतात. प्रश्नावली भरताना होणारी गफलत या आकड्यांतच दडलेली आहे. समोर बोलताना ऐकत नसल्यासारखे वाटणे आणि दिलेल्या सूचना पूर्ण न करणे, ही दोन लक्षणे कान एकटा निर्माण करू शकतो. अभ्यासात निष्काळजी चुका करणे आणि डोके लावावे लागेल अशी कामे टाळणे, ही दोन वाचनदोषातून येऊ शकतात. म्हणजे ज्याला कमी ऐकू येते आणि वाचता येत नाही, त्या मुलाच्या नऊपैकी चार चौकटी आधीच भरलेल्या असतात. सहाचा आकडा गाठायला मग दोनच उरतात, आणि त्या कंटाळ्याने सहज भरल्या जातात.

म्हणून प्रत्येक लक्षण वाचन-लेखन नसलेल्या प्रसंगात विचारावे. तुरीच्या शेंगा सोलायला बसवले तर किती वेळ बसतो? शेळ्या राखताना भान राहते काय? लगोरीत किंवा क्रिकेटमध्ये आपल्या पाळीची वाट पाहतो काय? चप्पल, पाटी, डबा दर दोन दिवसांनी हरवतो काय? दुकानातून तीन वस्तू आणायला सांगितल्यावर काय होते, आणि त्याच तीन वस्तूंची चित्रे काढून चिठ्ठी दिली तर काय होते? चित्रांच्या चिठ्ठीने काम नीट झाले, तर तोंडी सूचना कानातून किंवा स्मरणातून निसटत होती, असे समजावे.

कागदावर घेण्याजोगी एक चाचणी म्हणजे खोडण्याची. पानभर गोल, चौकोन, त्रिकोण आणि तारे मिसळून काढावेत आणि मुलाला फक्त तारे खोडायला सांगावे. तीन मिनिटे द्यावीत. यात वाचन, ऐकणे, बोलणे यांपैकी काहीच लागत नाही. किती तारे सुटले, किती चुकीचे खोडले आणि शेवटच्या मिनिटात काय झाले, हे वर्गातील इतर तीन-चार मुलांच्या कागदांशी ताडून पाहावे. ही प्रमाणित चाचणी नाही, पण तज्ज्ञांना दाखवण्याजोगा पुरावा नक्कीच आहे.

सुरुवात केव्हा झाली हे अंगणवाडी सेविकेला विचारावे. अंगणवाडीत शांत बसणारे, गाण्यांत रमणारे मूल पहिलीच्या दिवाळीनंतर ‘बिघडले’ असेल, तर अक्षरांशी गाठ पडल्यावर ते बिघडले आहे. आई जेव्हा सांगते, “वाचाले बसवलं का उठून जाते जी, बाकी दिवसभर काही त्रास नाही,” तेव्हा ते वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घ्यावे, कारण त्यात निदानाचा अर्धा धागा असतो.

सावधान: मूल मोबाइलवर तासभर खिळून राहते, म्हणून त्याला एडीएचडी नाही, असे ठरवू नये. झपाट्याने बदलणारी चित्रे एडीएचडी असलेल्या मुलालाही धरून ठेवतात. तसेच शांतपणे हरवून बसणारी मुलगी वर्गात त्रास देत नाही, म्हणून तिला यादीतून वगळू नये.

७. तज्ज्ञांकडे नेताना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. टाळूचा दुभंग, श्रवण, अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी हे सारे त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत, त्यामुळे वही त्यांना दाखवून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागावी. पथकाची वाट पाहण्याजोगी स्थिती नसेल तर नागपूर, सेवाग्राम, सावंगी, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर किंवा गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयांपैकी जवळचे गाठावे.

पहिली तारीख कान-नाक-घसा विभागाची घ्यावी. मानसशास्त्रज्ञांची भेट कानाचा अहवाल हाती आल्यावर, आणि शक्यतो कानावरील उपचारानंतरच घ्यावी. द्रव साचलेला असताना घेतलेली बुद्धिमापन चाचणी मुलाला उगाच कमी दाखवते.

मानसशास्त्रज्ञांना तीन गोष्टी स्पष्टपणे सांगाव्यात. मुलाचे बोलणे अस्पष्ट आहे, म्हणून शाब्दिक चाचण्यांबरोबर कृतीच्या चाचण्याही घ्याव्यात आणि दोन्हींचे गुण वेगळे लिहावेत. मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत, म्हणजे मराठीत, वाचन तपासावे. आणि मोठ्याने वाचण्याबरोबर मूक वाचनही पाहावे. हे सांगताना पालक संकोचतात. अशा वेळी शिक्षकांनी शाळेच्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी उपयोगी पडते.

प्रमाणपत्राबाबत इतकेच: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि वाचा-भाषा दिव्यांगत्व यांचा समावेश आहे, एडीएचडीचे स्वतंत्र नाव त्यात नाही. त्यामुळे ज्या मुलाची खरी अडचण अध्ययन अक्षमतेची आहे, त्याच्या कागदावर केवळ ‘एडीएचडी’ लिहिले गेले, तर परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींचा मार्ग त्याच्यासाठी अडतो.

८. औषधाचा प्रश्न आणि सहा महिन्यांची फेरतपासणी

कानाचा अहवाल आणि वाचनाच्या नोंदी पाहिल्याशिवाय मिथाइलफेनिडेटसारखे एडीएचडीवरील औषध सुरू करण्याची घाई करू नये, आणि सुरू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंदही करू नये. हे औषध भूक मारते आणि झोप उशिरा आणते. टाळूच्या मुलांपैकी अनेकांचे वजन आधीच कमी असते, म्हणून पहिल्या दिवसाचे वजन आणि उंची लिहून ठेवावी. हृदयदोष असल्यास किंवा असल्याची शंका असल्यास डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते त्यांना स्वतःहून सांगावे. औषधाने मूल शांत बसू लागले, पण शब्दपट्टी उचलताना पूर्वीइतक्याच चुका करत राहिले, तर वाचनाची अडचण तशीच उरली आहे. शांतपणाला प्रगती समजून उपचारात्मक अध्यापन थांबवण्याची चूक येथे वारंवार होते.

एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता हे दोन्ही विकार एकत्र असणे दुर्मीळ नाही. तसे आढळल्यास दोन्हींवर एकाच वेळी काम सुरू करावे, एक बरा होण्याची वाट पाहत दुसरा लांबणीवर टाकू नये.

निदान काहीही असो, पुढील गोष्टी उद्यापासून करता येतात: मुलाला दुसऱ्या रांगेत, खिडकी आणि दार यांपासून दूर, चांगला ऐकू येणारा कान शिक्षकांकडे राहील असे बसवावे, सूचना त्याच्याकडे तोंड करून एका वेळी एकच द्यावी, आणि तोंडी उत्तराऐवजी बोट ठेवून किंवा लिहून दिलेले उत्तर मान्य करावे.

सहा महिन्यांनी कुजबूज चाचणी, वीस शब्दांचे श्रुतलेखन, चित्र-शब्द जोडणी आणि तारे खोडणे या चार चाचण्या त्याच क्रमाने पुन्हा घ्याव्यात आणि जुन्या पानासमोरच्या पानावर लिहाव्यात. मुलाची शाळा बदलली, किंवा आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीत हाड बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते महिनाभर घरी राहिले, तर वही नव्या शिक्षकांच्या हाती द्यावी. तिची एक प्रत पालकांजवळ, टाळूच्या शस्त्रक्रियेच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवावी.